पंचविसावं झबलं

आमच्या तिरुप्पूरला कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नाही, बनियन कंपनी म्हणतात. आत बनियन शिवा, टी-शर्ट शिवा नाहीतर तान्ह्या मुलांची झबली शिवा, नाव तेच. अशाच एका बनियन कंपनीत कागदपत्रांच्या टेबलाशी माझी निम्मी हयात गेली. माझं नाव मंगैयर्करसी. एवढं नाव पुरं होईपर्यंत चहा निवतो, म्हणून मालक मला 'अम्मिणी' म्हणतात. आमच्या कोंगू भागात घरातल्या लेकींना अशी हाक मारतात, आणि माझे केस पिकायला लागले तरी मालकांच्या हिशेबी मी लेकच आहे.

मालकांचं नाव मरुदाचलम गौंडर. सगळी कंपनी त्यांना अय्या म्हणते. त्यांची आई अविनाशीच्या आठवडी बाजारात शेवगा आणि कढीलिंब विकायची, आणि अय्या लहानपणी तिच्या पाटीशेजारी बसायचे. पुढे त्यांनी विणकामाची एक जुनी मशीन घेतली, मग दुसरी, मग शेड, मग धाकटी शेड. पैसा आला, गाडी आली, पण बाजारातली एक सवय काही सुटली नाही. ती म्हणजे कोसुरू.

भाजी तोलून झाली, पैसे ठरले, पिशवीत पडले की बाई वरून कढीलिंबाच्या दोन काड्या टाकते, तो कोसुरू. त्याचे पैसे नसतात आणि तो हिशेबात धरत नाहीत. अय्यांनी हीच रीत कंपनीत आणली. खोक्यात चोवीस झबली मोजून भरली की वर पंचविसावं ठेवायचं, मगच खोक्याला पट्टी मारायची. पॅकिंगची मुकादम पूंगोडी अक्का हे इतकी वर्षं करत आलीय की तिचा उजवा हात पंचविसावं झबलं उचलतो तेव्हा ती डाव्या बाजूला कुणाला तरी शिव्या घालत असते, लक्षसुद्धा नसतं.

हँबर्गच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला याचं फार कौतुक होतं. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, तुमची जादाची झबली शेजारच्या बाळंतिणीला दिली, दुकानातल्या मुलीच्या भाचीला दिली. मी ते तमिळमध्ये वाचून दाखवायची आणि अय्या पुन्हा वाचायला लावायचे. मग त्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले, त्याने दुकान विकलं, आणि आमच्या धाकट्या शेडला काम उरलं नाही. पोंगलपर्यंत नवा ग्राहक नाही मिळाला तर त्या शेडमधल्या मशीन झाकून ठेवाव्या लागतील आणि तिथल्या बायकांना दुसरी कंपनी बघा म्हणून सांगावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

त्याच वेळी कोपनहेगनची एक कंपनी आमच्याकडे आली. तान्ह्या मुलांचे कपडे, भरपूर दुकानं, आणि पहिलीच अट अशी की कागद चालणार नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरला ऑर्डर पाठवणार. आमचा कॉम्प्युटर 'मिळाली, मान्य' म्हणून उलट कळवणार. माल निघाला की कुठल्या खोक्यात कुठल्या मापाची किती झबली, खोक्याचं वजन किती, हेही आमच्याकडून आधीच जाणार, आणि खोक्यावर त्याच नंबरचं बारकोडचं लेबल लागणार. तिकडे खोकं पट्ट्यावरून सरकताना त्यांचं यंत्र लेबल वाचणार, वजन घेणार, आम्ही कळवलेल्याशी ताडून बघणार. जुळलं की खोकं थेट दुकानाच्या गाडीत. मधे कुणी मोजायला बसत नाही. या संदेशांचा साचा जगभर ठरलेला असतो. तारखेचं घर ठरलेलं, मापाचं ठरलेलं, नगांचं ठरलेलं. पाठवणारा कुठल्या का देशाचा असेना, त्याने त्याच घरात तेच लिहायचं.

मला ही तऱ्हा पहिल्या दिवसापासून आवडली. आयुष्यभर मी लोकांची लाडीगोडीची पत्रं टाइप केली होती. 'आपल्या प्रकृतीस आराम असेल अशी आशा' पासून सुरुवात करून तिसऱ्या पानावर माल उशिरा येतोय हे सांगायचं. इथे ती भानगडच नाही. चोवीस म्हणजे चोवीस. मी अय्यांच्या मागे लागून लागून त्यांना तयार केलं. संदेशांची व्यवस्था लावून घेतली, आयुधपूजेला कॉम्प्युटरला गंध-कुंकू लावून घेतलं, आणि पॅकिंगच्या टेबलावर बारकोडची बंदूक बसवली. पूंगोडी अक्काने ती हातात घेऊन माझ्यावर रोखली.

"आता यानं मला मारणार का तू?"

"तुला नाही, अक्का. प्रत्येक झबल्यावर एकदा दाबायची. चोवीस झाली की लेबल आपोआप बाहेर येतं."

"म्हणजे मला मोजता येत नाही असं म्हण की."

अक्का नाक मुरडत का होईना, दोन दिवसांत शिकली. माझ्यापेक्षा भराभर दाबायला लागली. मी निर्धास्त झाले.

करार असा होता की पहिल्या दोन फेऱ्या परीक्षेच्या. त्यात एकदा चूक झाली तर माफ. दुसऱ्यांदा झाली तर रामराम. पहिली फेरी तुतुकुडी बंदरातून निघाली तेव्हा मी इतकी खुशीत होते की अख्ख्या पॅकिंगला बेकरीतून बन आणि चहा मागवला.

जहाज पोहोचल्यावर कोपनहेगनहून संदेश आला. मी उघडला. पहिल्या खोक्यापुढे 'फरक'. दुसऱ्या खोक्यापुढे 'फरक'. मी खाली खाली जात राहिले, शेवटच्या खोक्यापर्यंत तोच शब्द. एकही खोकं जुळलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिकडून फोनच आला. गोदामाचं काम बघणारी बिर्गिट नावाची बाई होती, आवाजाने समंजस वाटली.

"तुमचं प्रत्येक खोकं कळवल्यापेक्षा जड निघालं," ती म्हणाली. "यंत्राने सगळी बाजूला ढकलली. माझ्या माणसांनी ती फोडून हाताने मोजली. प्रत्येकात एक झबलं जास्त आहे. हे कसं झालं?"

मला लगेच कळलं कसं झालं ते. अक्का चोवीस झबल्यांवर बंदूक दाबत होती, लेबल बाहेर येत होतं, ते चिकटवत होती, आणि मग पट्टी मारण्याआधी तिचा उजवा हात नेहमीचं काम करत होता. कोसुरू मोजणीनंतरच द्यायचा असतो. तिने तो मोजणीनंतरच दिला होता. यात चुकलं काय, ते तिला विचारून काही उपयोग नव्हता, कारण आमच्या गावात कुणालाच ते चुकलं असं वाटलं नसतं.

मी बिर्गिटला ही रीत समजावून सांगितली. ती शांतपणे ऐकून घेत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण माझी अडचण समजून घ्या. जास्त पाठवलंत ही माझी तक्रार नाही. सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं, ही तक्रार आहे. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून मी खोकं न फोडता दुकानात पाठवते. तो भरवसा नसेल तर हे सगळं कशाला?"

तिचं बरोबर होतं, आणि तेच मला अय्यांना जाऊन सांगायचं होतं.

अय्या त्यांच्या खोलीत झुलत्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे मी खोटं बोललो असं म्हणाली ती?"

"तशी नाही म्हणाली, अय्या."

"मग कशी म्हणाली? चोवीस सांगितली, पंचवीस दिली. कमी देणाऱ्याला खोटा म्हणतात हे ऐकलंय मी. जास्त देणारा खोटा?"

"तिच्या यंत्राला जास्त-कमी कळत नाही. जुळलं की नाही एवढंच कळतं."

"मग ते यंत्र आपल्याला नको."

"आणि धाकटी शेड?"

त्यांनी पेपर पुन्हा उघडून तोंडासमोर धरला. म्हाताऱ्या माणसाला असं दुखावलेलं बघणं वाईट असतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

पुढचे काही दिवस मी त्या संदेशांच्या साच्याचा जाडजूड ग्रंथ घेऊन बसले. त्यात कुठल्या घरात काय लिहायचं याच्या याद्याच याद्या आहेत. वाचता वाचता मला एक घर सापडलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. 'विनामूल्य नग.' पैसे न लावता दिलेल्या मालाचा आकडा लिहायला जगाने एक वेगळं घर राखून ठेवलं होतं. म्हणजे साचा ठरवणाऱ्या त्या सुटाबुटातल्या लोकांत कुणीतरी होता, ज्याला ठाऊक होतं की व्यापारी कधीकधी वर चार नग देतो. मला त्या अनोळखी माणसाला चहा पाजावासा वाटला.

बिर्गिटला विचारलं. तिने तिच्या लोकांना विचारून सांगितलं की चालेल. फुकटची झबली वेगळ्या खोक्यात भरा, आकडा त्या घरात लिहा, बिलातही फुकट म्हणून दाखवा, मग आमच्याकडे काही अडणार नाही. मी धावतच अय्यांकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्या जिन्यावरून धावले नव्हते.

अय्यांनी सगळं नीट ऐकलं. मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

"वेगळ्या खोक्यात?" ते म्हणाले.

"हो. सगळी जादाची झबली एकत्र."

"आणि आधी कळवायचं, की एवढी फुकट पाठवतोय?"

"हो. त्यासाठी घरच आहे, अय्या. बघा, इथे."

त्यांनी बघितलं नाही. "अम्मिणी, तू बाजारात कढीलिंब घेतेस ना? बाई आधी सांगते का, ताई, मी तुला दोन काड्या फुकट देणार आहे, लिहून घे? दुसऱ्या पिशवीत वेगळा बांधून देते का?"

"नाही."

"आधी सांगितलं की तो सौदा झाला. उद्या दोन काड्या कमी पडल्या तर गिऱ्हाईक भांडेल. वेगळं बांधलं की ते दान झालं. ते लोक काय भिकारी आहेत का आपण दान करायला? आई म्हणायची, मोजून झालं की हात पुन्हा एकदा पाटीत गेला पाहिजे. ते गिऱ्हाइकासाठी नव्हतं. आपण नुसते तराजू नाही हे आपल्यालाच कळावं म्हणून होतं."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. आणि पटलं म्हणूनच माझं डोकं फिरलं, कारण इतक्या कष्टाने शोधलेला उपाय त्यांनी दोन काड्यांत उडवून लावला होता.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग खाली चला माझ्याबरोबर. धाकट्या शेडमधल्या बायकांना तुम्ही स्वतः सांगा, की अय्यांना तराजू व्हायचं नाही म्हणून पोंगलनंतर येऊ नका."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. अय्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी खाली आले. वाटेत अक्का भेटली, तिला सगळं आधीच कळलं होतं. आमच्याकडे जिन्यावर बोललेलं शेडमध्ये आधी पोहोचतं.

"अक्का, या फेरीला तू पंचविसावं घालायचं नाहीस," मी म्हणाले.

"अय्यांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"तू कागदवाली. पॅकिंगमध्ये मला अय्या सांगतात. त्यांच्या तोंडून आलं की माझा हात थांबेल, नाहीतर घालणार."

म्हणजे मालक ऐकेना आणि मुकादम मालकाशिवाय ऐकेना. झबली शिवून होत आली होती, बंदराची गाडी ठरली होती, आणि मी टेबलाशी बसून दातओठ खात होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अय्या पॅकिंगमध्ये उतरले. असे ते कधीकधी येतात, बायकांच्या डब्यातलं काहीतरी उचलून खातात आणि मीठ कमी आहे म्हणून सांगतात. आज ते कुणाच्या डब्याकडे गेले नाहीत. पॅकिंगच्या लांब टेबलाच्या कडेला बसले. अक्का तिथेच डाळ-तांदळाचा अरिसी-परुप्पु भात खात होती. घरची नातवंडं, सून, सगळ्यांची तक्रार भाताबरोबर चालू होती. मी पलीकडे लेबलं तपासत होते.

"आपल्याच कंपनीचं डाग पडलेलं झबलं नेलं होतं मी नातीला," अक्का सांगत होती. "दोन धुण्यांत खांद्यावरचं बटण हातात आलं. पोरीने तोंडात घातलं असतं तर? मी घरच्या दोऱ्याने असं शिवलं ना, आता झबलं फाटेल पण बटण निघायचं नाही."

अय्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातलं एक झबलं उचललं. खांद्यावरचं बटण चिमटीत धरून ओढलं. ते घट्ट होतं. पुन्हा जोरात ओढलं, पिरगाळलं, तेव्हा दोरा थोडा सैल झाला.

"अम्मिणी."

कालच्या भांडणानंतर त्यांनी मला मारलेली ती पहिलीच हाक होती. मी उठून गेले.

"तुझ्या त्या संदेशात बटणं कळवतेस का?"

"नाही. झबली कळवते. माप, रंग, नग, वजन."

"आणि बटणाचे टाके?"

"टाके कसे कळवणार, अय्या? त्याला घर नाही."

"घर नाही," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी ते बटण पुन्हा चिमटीत धरलं. "बटणाच्या मशीनला टाके वाढवता येतात. पंचविसावं झबलं आपण घालायचं नाही. त्याच्या कापडाचे, शिलाईचे जेवढे पैसे जातात तेवढा दोरा आणि तेवढा वेळ बटणांवर घालायचा. सगळ्या झबल्यांच्या, सगळ्या बटणांवर."

मला आधी समजलंच नाही, इतकं ते साधं होतं. मग समजलं, आणि माझ्यातली कागदवाली लगेच जागी झाली.

"थांबा. त्यांच्या नमुन्याच्या अटी बघू दे. तिथे टाके ठरवून दिले असतील तर हीसुद्धा चूकच होईल."

मी अटींची फाईल आणली. बटण या मथळ्याखाली लिहिलं होतं, की निदान इतके टाके असावेत. निदान. त्यापेक्षा जास्त असू नयेत असं कुठेच नव्हतं. मी तरी दोनदा वाचलं.

"आणि वजन?" मला नवीन शंका आली. "दोऱ्याने खोकं जड झालं तर?"

अक्काने भाताचा हात पुसला, दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. "लागतंय का वजन?"

नाही लागत म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फाईल मिटून टाकली. पण म्हणून मी गप्प बसणारी नव्हे. संध्याकाळी जास्त टाक्यांची झबली चोवीस भरून खोकं काट्यावर ठेवलंच. काट्याला काही फरक कळला नाही.

बटणाच्या मशीनवरच्या बायका मात्र वैतागल्या. टाके वाढले की मशीन प्रत्येक बटणावर जास्त वेळ थांबते आणि रोजचा आकडा खाली येतो. अय्यांनी त्यांचा आकडा कमी धरायला सांगितलं, त्यामुळे त्यांचं कुरकुरणं तोंडापुरतं उरलं. नमुना म्हणून पहिलं झबलं आलं तेव्हा अक्काने बटण दातात धरून ओढलं. बटणाने दाद दिली नाही.

"आता माझ्या नातीपासून धोका नाही," ती म्हणाली.

बिर्गिटला यातलं काही कळवायचं की नाही, यावर मी विचार केला. अट मोडत नव्हती. सांगितलेलं आणि पाठवलेलं जुळत होतं. मग कळवलं नाही. कळवलं असतं तर पुढच्या करारात तिने तेच टाके अटीत घातले असते, आणि अय्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसले असते, नवीन काय वर द्यावं या काळजीत.

पॅकिंगच्या दिवशी अय्या सकाळपासून टेबलाशी येऊन बसले. मला वाटलं अक्कावर नजर ठेवायला आले असतील. अक्काला मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, त्यामुळे तिचा हात जागेवर होता. बंदूक दाबायची, चोवीस झाली की लेबल, मग पट्टी. खोकं उघडं राहायचं ते एवढ्यापुरतंच. तेवढ्यात अय्यांचा हात गठ्ठ्याकडे गेला.

"अय्या, हात," अक्का न बघताच म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. पुढच्या खोक्यालाही तेच. मग अक्काने गठ्ठा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला आणि त्यांच्या हातात पट्टीचं रीळ दिलं. "हे धरून बसा. काहीतरी काम असू दे हाताला." सगळ्या शेडने हसू दाबलं. अय्यांनीही दाबलं, पण त्यांना ते जमत नाही, मिशा हलतात.

माल गेला. संदेश मीच पाठवला आणि पाठवण्याआधी अविनाशीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. कॉम्प्युटरवर माझा विश्वास आहे, पण अक्कावर आणि अय्यांवर त्या दिवशी पुरता नव्हता. कुणी डोळा चुकवून एखाद्या खोक्यात हात घातला असला तर? जहाज समुद्रात होतं तेवढे दिवस मला जेवण गोड लागलं नाही. धाकट्या शेडमधल्या बायका येता-जाता माझ्या काचेतून आत बघायच्या. काही विचारायच्या नाहीत. मी मान हलवायची, अजून नाही म्हणून.

पोच आली ती सकाळी. मी पदराने हात पुसून ती उघडली. पहिलं खोकं, जुळलं. दुसरं, जुळलं. या वेळी मी एकेक ओळ सावकाश वाचत खाली गेले, कारण मला ते सुख पुरवून पुरवून घ्यायचं होतं. शेवटी एकूण मालासाठी एक ओळ असते, तिच्यात लिहिलं होतं, की कळवलेल्या आणि मिळालेल्या मालात काही फरक आढळला नाही.

काचेपलीकडे दोघी उभ्या होत्या. मी मान उभी हलवली. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि शेडकडे पळाल्या. त्यानंतर तिकडून जो गलका झाला तो मी ऐकत बसले. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मग मी ती पोच छापून घेतली. या संदेशांचा कागद काढू नये अशी माझीच शिस्त आहे, पण अय्यांना पडद्यावरचं वाचलेलं खरं वाटत नाही. ते खुर्चीत बसले होते. गलका त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, तरी मी सांगेपर्यंत थांबले होते.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. खोक्यामागून खोकं, आणि मग शेवटची ओळ. हँबर्गच्या पत्रांची आठवण होऊन मला जरा वाईट वाटलं. या पत्रात कुणाची बाळंतीण नव्हती, कुणाची भाची नव्हती, कुणी आभार मानले नव्हते. म्हाताऱ्याचं मन मोडेल असं वाटून मी शेवटची ओळ जरा भरभर वाचली.

"पुन्हा वाच. शेवटचं."

"कळवलेल्या आणि मिळालेल्या मालात काही फरक आढळला नाही."

"काही फरक नाही?"

"नाही, अय्या."

त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग खांदे हलले. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"त्या यंत्राने सगळी खोकी तोलली, अम्मिणी. सगळं ताडून बघितलं," ते म्हणाले. "आणि बघ, दिलेलं कळलंच नाही त्याला."